परभाषाध्ययनाच्या जुन्या पोथ्या व स्मरणाचें मानसशास्त्र

१

जुनीं दप्तरें उघडतांना एखादी सनद, महजर किंवा शकावली हातीं लागली म्हणजे संशोधकास आनंद होतो. पण त्याच रुमालांत अमरकोशाची अर्धवट नक्कल, शब्दरूपावलीचीं चार पानें किंवा फार्सी शब्दांची पद्यमय याद सांपडली तर ती बहुधा बाजूस सारली जाते. ग्रंथ छापलेला आहे, पाठभेद म्हणण्यासारखा नाहीं, अक्षर पोराचें आहे. मग ही प्रत जतन कशाला करावयाची, असा सरळ हिशेब असतो. प्रस्तुत लेखकानेंही एके काळीं हाच हिशेब केला. त्याचा परिणाम काय झाला तें पुढें यथास्थळीं सांगेन.

घरांत न बोलली जाणारी, केवळ शिकूनच यावयाची भाषा ती परभाषा, असा अर्थ येथें धरला आहे. मग ती संस्कृत असो, फार्सी असो कीं इंग्रजी. अशी भाषा आमचे पूर्वज कोणत्या रीतीनें शिकत, याचा पुरावा या टाकाऊ मानलेल्या पानांतच आहे. गेल्या सुमारें एकशें चाळीस वर्षांत स्मरणाविषयीं जें प्रयोगसिद्ध ज्ञान झालें आहे, त्याच्या साह्यानें तो पुरावा नीट वाचतां येतो, आणि जुन्या पद्धतीचे गुण कोणते व उणीव कोणती हेंही निवडून सांगतां येतें. एवढेंच दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

२

महाराष्ट्रांत ज्या कोणी शाळेंत संस्कृत घेतलें असेल, त्यास देव शब्द चालविण्याचा सूर वृद्धापकाळींही आठवतो. प्रथमेपासून संबोधनापर्यंत चोवीस रूपें तो एका दमांत म्हणून दाखवितो. परंतु ‘सप्तमीचें बहुवचन सांगा’ असें मध्येंच विचारलें म्हणजे त्याचे ओठ हलूं लागतात. पहिल्यापासून सूर धरावा लागतो, आणि त्या ओघांत शेवटीं ‘देवेषु’ हें रूप हातीं येतें. येथें रूप येत नाहीं असें नाहीं. तें रांगेंत अडकलेलें असतें.

तीस वर्षांहून अधिक काळ मीं शाळेंत संस्कृत शिकविलें. पण या हलणाऱ्या ओठांचा विचार निवृत्त होईपर्यंत केला नाहीं. विद्यार्थ्यास उत्तर आलें कीं माझें समाधान होई. तें कोणत्या वाटेनें आलें हा प्रश्न मला पडला तो पुढें, जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस (१८५०–१९०९) याच्या प्रयोगांचा परिचय झाल्यावर.

एबिंगहाउस यानें स्मरणावरील आपला ग्रंथ १८८५ सालीं प्रसिद्ध केला. प्रयोग करणारा तोच, व ज्याच्यावर प्रयोग करावयाचा तोही तोच. पूर्वपरिचयाचा लाभ मिळूं नये म्हणून त्यानें दोन व्यंजनांमध्यें एक स्वर घालून सुमारें २,३०० निरर्थक वर्णसमूह तयार केले, त्यांच्या माळा पाठ केल्या, आणि कांहीं काळ लोटल्यावर तीच माळ पुन्हां पाठ करण्यास पहिल्यापेक्षां किती श्रम कमी पडतात तें मोजलें. वीस मिनिटांनंतर शेंकडा सुमारें ५८ श्रम वांचत, एका दिवसानंतर सुमारें ३४, आणि एका महिन्यानंतर सुमारें २१. म्हणजे विस्मरणाचा मोठा वाटा पहिल्या दिवशींच पडतो. पुढें त्याची गति मंदावते.

याच ग्रंथांतील तीन गोष्टी आपल्या विषयास विशेष उपयोगी आहेत. पहिली अशी कीं, बायरन कवीचीं कडवीं पाठ करण्यास तितक्याच लांबीच्या निरर्थक माळेच्या मानानें सुमारें एकदशांश आवृत्ति पुरल्या. अर्थ, छंद व यमक यांचें साह्य एवढें मोठें आहे. दुसरी अशी कीं, पाठ असलेली माळ त्याच क्रमानें पुन्हां पाठ करतांना सुमारें एकतृतीयांश श्रम वांचत. पण ती उलट क्रमानें पाठ करूं गेल्यास सुमारें एकअष्टमांशच वांचत. ज्ञानाला दिशा असते, ती अशी. तिसरी गोष्ट कालाची. बारा वर्णसमूहांची माळ एकाच दिवशीं लागोपाठ ६८ वेळां म्हटल्यानें जें साधलें, तेंच तीन दिवसांत वांटून केलेल्या ३८ आवृत्तींनीं साधलें.

आतां छंद, दिशा व काल या तीन कसोट्या आपल्या पोथ्यांस लावून पाहूं.

३

छंदाच्या बाबतींत आमच्या कोशकारांस कोणी कांहीं शिकवावें असें उरलेलेंच नाहीं. अमरसिंहानें तीन कांडांत व विषयवार वर्गांत जो कोश बांधला, तो शोधून पाहण्यासाठीं नसून मुखीं ठेवण्यासाठीं आहे. पुढें फार्सीशीं संबंध आला तेव्हां पंडितांनीं हाच सांचा वापरला. अकबराच्या आज्ञेवरून कृष्णदासानें ‘पारसीप्रकाश’ रचला. त्यांत फार्सी शब्दांचा संस्कृत पद्यांत कोश आहे व सूत्रपद्धतीनें व्याकरणही आहे. त्याच नांवाचा दुसरा ग्रंथ वेदांगरायानें शहाजहानच्या कारकीर्दींत, १६४३ च्या सुमारास केला. त्याचा रोख ज्योतिषांतील अरबी-फार्सी संज्ञांकडे आहे. उत्तरेंत ‘खालिक बारी’ या नांवानें जी पद्यावली मुलांच्या तोंडीं होती, तिचें कर्तृत्व अमीर खुस्रोकडे द्यावें कीं नाहीं हा वाद आहे. परंतु परका शब्द व घरचा शब्द एकाच चरणांत शेजारीं बसवावयाचा, ही तिची युक्ति निर्विवाद आहे.

महाराष्ट्रापुरतें पाहतां या वर्गांतील मुख्य ग्रंथ ‘राजव्यवहारकोश’ होय. श्रीशिवछत्रपतींच्या आज्ञेवरून, राज्याभिषेकानंतर (१६७४) थोड्याच वर्षांत तो सिद्ध झाला. रघुनाथ नारायण हणमंते यांच्या नांवाशीं तो जोडला जातो. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग व पण्यवर्ग असे त्याचे दहा वर्ग आहेत. आजवर या कोशाचा विचार भाषाशुद्धीचें साधन म्हणून पुष्कळ झाला, व तो योग्यच आहे. अध्यापनाचें साधन म्हणून त्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं.

तसें पाहिलें असतां एक गोष्ट तत्काळ ध्यानांत येते. त्या काळच्या फडावरील कारकुनाच्या दृष्टीनें परका शब्द ‘मुजुमदार’ हा नव्हता. ‘अमात्य’ हा होता. पेशवा, सुरनीस, वाकनीस, डबीर, सरनौबत हे शब्द त्याच्या रोजच्या लेखणींतले. प्रधान, सचिव, मंत्री, सुमंत, सेनापति हे त्यास नव्यानें शिकावयाचे. अमरकोश पाठ करणाऱ्या मराठी मुलास एका अपरिचित शब्दाचे आणखी दहा अपरिचित पर्याय मिळतात; येथें मात्र प्रत्येक नव्या शब्दास जुन्या, हाताखालच्या शब्दाचा आधार आहे. वर्गांची मांडणीही अक्षरानुक्रमानें नसून किल्ला, कोठी, शस्त्रागार, लेखनशाला अशी कारभाराच्या वस्तुक्रमानें आहे. ज्ञाताच्या खुंटीवर अज्ञात टांगावें, हें तत्त्व शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत मीं वाचलें होतें. शिवकालीन कोशांत तें राबविलेलें आहे हें मात्र उशिरा लक्षांत आलें.

४

दुसरी कसोटी दिशेची. येथें कोशपद्धतीची उणीव दिसूं लागते. पद्य पाठ असणाऱ्यास पद्याच्या ओघांतूनच शब्द सांपडतो. जुन्या परंपरेंतील पंडितास एखादा पर्याय विचारला म्हणजे तो अर्ध्या श्लोकापासून आरंभ करतो, हें अनेकांनीं पाहिलें असेल. लिहितांना यास फारशी अडचण नाहीं, कारण लेखणी थांबूं शकते. समोरचा मनुष्य बोलत असतां मात्र श्लोक म्हणून शब्द शोधण्यास अवकाश नसतो.

क्रमाचें हें बंधन आमच्या वैदिकांस अपरिचित नव्हतें. क्रमपाठांत पहिलें-दुसरें, दुसरें-तिसरें अशीं पदें जोडीजोडीनें म्हणावयाचीं. जटापाठांत तीच जोडी सुलट, उलट व पुन्हां सुलट. घनपाठांत हा फेरा तीन पदांपर्यंत जातो. एबिंगहाउसला जी उलट दिशा दुर्बळ आढळली, तिचाच अभ्यास येथें मुद्दाम करविला आहे. उलट क्रम हीही सवयीनें एक नवी सुलट माळच होते, असा आक्षेप यावर घेतां येईल, व तो अगदींच निराधार नाहीं. शिवाय विकृतिपाठांचा हेतु संहितेचें रक्षण हा आहे, भाषा शिकविणें हा नव्हे. अर्थ न जाणतां वेद धारण करणारा केवळ भार वाहतो, असें निरुक्तांतच सांगितलें आहे. तरीही एकाच दिशेनें केलेलें पाठांतर अपुरें पडतें ही जाणीव या परंपरेंत स्पष्ट होती, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं. आश्चर्य हें कीं, ती जाणीव कोशाध्ययनांत उतरली नाहीं.

परभाषेच्या शिक्षणांत दोन्ही दिशांची सोय केलेली आढळते ती डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या ‘मार्गोपदेशिके’त. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांतील या पुस्तकांत थोडे नियम सांगून लागलीच दोन प्रकारचीं वाक्यें दिलेलीं आहेत. संस्कृतांतून इंग्रजींत न्यावयाचीं व इंग्रजींतून संस्कृतांत आणावयाचीं. दुसऱ्या प्रकारचीं वाक्यें विद्यार्थ्यांस नकोशीं वाटतात, म्हणून वेळ कमी पडला म्हणजे शिक्षक तींच गाळतात. मींही तींच गाळीत असें.

५

तिसरी कसोटी कालाची. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत, उत्सर्जनानंतर शुक्लपक्षांत वेद व कृष्णपक्षांत वेदांगें म्हणावीं असा नियम आहे. म्हणजे प्रत्येक विषयाच्या दोन आवृत्तींमध्यें एक पंधरवडा आपोआप पडतो. विद्येचा एक चतुर्थांश गुरूकडून, एक स्वतःच्या बुद्धीनें, एक सहाध्यायांकडून व एक कालानें मिळतो, असें प्रसिद्ध सुभाषित आहे. त्यांतील शेवटचा चतुर्थांश आम्ही केवळ अनुभवाचा गौरव म्हणून समजत आलों. मनूच्या नियमाचीं कारणें धार्मिक आहेत, तीं स्मरणशास्त्राचीं म्हणून सांगणें हा ग्रंथाचा विपर्यास होईल. परंतु कारण कोणतेंही असो, परिणाम जो व्हावयाचा तो होतोच.

तो परिणाम केवढा असतो, हें हॅरी बाह्रिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या घरच्या प्रयोगावरून कळतें. त्यानें व त्याच्या कुटुंबांतील तिघांनीं मिळून परभाषेंतील प्रत्येकीं ३०० शब्द १४, २८ व ५६ दिवसांच्या अंतरानें शिकले, आणि पुढें पांच वर्षांपर्यंत स्वतःची परीक्षा घेतली. नऊ वर्षें चाललेला हा प्रयोग १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. ५६ दिवसांच्या अंतरानें केलेल्या १३ आवृत्ति या १४ दिवसांच्या अंतरानें केलेल्या २६ आवृत्तींच्या बरोबरीच्या ठरल्या. अंतर मोठें असतां दर वेळीं विसर अधिक पडे व शिकणें जड जाई; टिकाऊपणा मात्र त्यानेंच वाढला.

आतां माझ्या हातून झालेली चूक सांगतों. आमच्या घरीं पणजोबांच्या हातची अमरकोशाची एक पोथी होती. त्यांनीं ती विद्यार्थिदशेंत लिहिली होती. समासांत कांहीं श्लोकांसमोर बारीक अक्षरांत तिथि घातलेल्या होत्या. कोठें एक, तर कोठें एकाच श्लोकासमोर दोन-तीन. घराची वांटणी झाली त्या वेळीं छापील अमरकोश माझ्या कपाटांत होता. म्हणून ती पोथी इतर रद्दीबरोबर मीं जाऊं दिली. त्या तिथि पाठ घेतल्याच्या होत्या कीं पुन्हां म्हणून दाखविल्याच्या, त्यांच्यांत अंतर आठवड्याचें होतें कीं पक्षाचें, तें हळूहळू वाढत जात होतें कीं सारखेंच होतें, हें आज मला सांगतां येत नाहीं. ग्रंथ म्हणून त्या पोथीची किंमत शून्य होती. एका मुलाच्या अध्ययनाची रोजनिशी म्हणून मात्र तिच्या जोडीची दुसरी प्रत मिळणें नाहीं.

६

शब्द मुखीं असणें व भाषा येणें यांत अंतर आहे. तें भरून काढण्याचे यत्न आपल्याकडे आलेल्या परकीयांनीं केले, कारण त्यांना लोकांशीं बोलावयाचें होतें. इंग्लंडांत जन्मलेला जेजुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आला. त्यानें येथील भाषा इतकी आत्मसात् केली कीं दहा हजारांहून अधिक ओंव्यांचें ‘क्रिस्तपुराण’ त्याच्या हातून झालें. तें १६१६ सालीं प्रथम छापलें गेलें. त्याचें कोंकणीचें पोर्तुगीज भाषेंतील व्याकरण मृत्यूनंतर, १६४० सालीं राचोल येथें छापून निघालें. परका मनुष्य ओंवींत पुराण रचतो याचा अर्थ तो शब्दांच्या माळेवर थांबला नाहीं. कानांनीं ऐकलेल्या वाक्यांच्या वळणापर्यंत पोंचला.

कलकत्त्यास १८०० सालीं स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजांत कंपनीच्या तरुण नोकरांस देशी भाषा शिकवीत. तेथील अध्यापक विल्यम केरी यानें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें व त्यास नित्य व्यवहारांतील विषयांवरचे संवाद जोडले. आपल्या कोशांत जें नाहीं तें येथें आहे: कोण, कोणाशीं, कोणत्या प्रसंगीं बोलतो हें कळतें, आणि शब्द प्रसंगासहित मनांत राहतो. पुढें मद्रास इलाख्यांत मुलकी नोकरी केलेला थॉमस प्रेंडरगास्ट यानें १८६४ सालीं परभाषा शिकण्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. सुटे शब्द व नियम यांऐवजीं थोडीं भरगच्च वाक्यें पक्कीं करावीं, त्यांतील पदें फिरवून नवीं वाक्यें बनवावीं, आणि अभ्यास एका बैठकींत न करतां दिवसांतून थोडा थोडा अनेक वेळां करावा, असें त्याचें मत होतें. एबिंगहाउसच्या ग्रंथापूर्वीं वीस वर्षें, केवळ निरीक्षणावरून तो या निष्कर्षास आला, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

या प्रकाशांत राजव्यवहारकोशाचें फलितही पुन्हां पाहावें. अमात्य, सचिव, सुमंत हीं पदनामें राहिलीं, कारण तीं मुद्रेंत, पत्राच्या मायन्यांत व वंशपरंपरेच्या मानांत रोज उच्चारलीं जात. बावड्याचे पंत अमात्य व भोरचे पंत सचिव या नांवांनीं तीं संस्थानें विलीन होईपर्यंत चाललीं. उलट पेशवा हा शब्द प्रधान शब्दाच्या शेजारीं जोमानें नांदला, आणि तारीख, हुकूम, जमीन, शिक्का हे आजही आपल्या तोंडीं आहेत. यास राजकीय व सामाजिक कारणें पुष्कळ आहेत. तीं नाकारण्याचा हेतु नाहीं. पण कोशांत घालून शब्द रुजत नाहीं, तो पुनःपुन्हां प्रसंगीं आठवून वापरावा लागतो, ही गोष्ट व्यक्तीस जशी लागू आहे तशीच समाजासही लागू दिसते.

७

‘आठवून’ हा शब्द मीं जाणून वापरला. कार्पिकी व रोडिगर या दोघांनीं २००८ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांस स्वाहिली भाषेचे ४० शब्द अर्थासह शिकविले. एकदां आलेला शब्द कांहींनीं पुढें केवळ वाचला. कांहींनीं तो पुनःपुन्हां न पाहतां आठवून सांगितला. आठवड्यानंतर आठवून सांगणाऱ्यांस शेंकडा सुमारें ८० शब्द आले. ज्यांचें आठवून सांगणें थांबविलें होतें त्यांस सुमारें ३५. याहून विचारांत पाडणारी गोष्ट पुढची आहे. पुढें किती शब्द येतील असें आधीं विचारलें असतां सर्वच गटांनीं सारखाच, सुमारें निम्म्याचा, अंदाज सांगितला होता. आपलें कोणतें शिकणें टिकेल हें शिकणाऱ्यास आंतून कळत नाहीं.

शिकविणाऱ्यासही कळत नाहीं, हें मी स्वानुभवानें सांगतों. वार्षिक परीक्षेपूर्वीं आठ दिवस मी रोज सर्व रूपें वर्गाकडून एकसुरांत म्हणवून घेत असें. निकाल उत्तम लागे आणि त्याचें श्रेय मला मिळे. पुढें कांहीं वर्षांनीं एक जुना विद्यार्थी भेटला. त्या सालचा वर्गांतील पहिला. मोठ्या आदरानें त्यानें देव शब्द संपूर्ण चालवून दाखविला. मी त्यास एक साधें वाक्य संस्कृतांत करावयास सांगितलें: ‘मुलें देवळांत जातात.’ तो हंसला व म्हणाला, “गुरुजी, तें राहिलेंच.” त्याचा दोष नव्हता. आठ दिवसांच्या त्या घोषांत त्यास एकट्यानें कांहीं आठवावें लागलेंच नव्हतें. शेजारच्या मुलाचा आवाज त्याला पुढच्या रूपापर्यंत नेऊन सोडीत असे.

जुन्या पंतोजींच्या शाळेंत प्रत्येकास उभें राहून म्हणून दाखवावें लागे, न आल्यास छडी बसे. ती छडी गेली हें इष्टच झालें. पण तिच्याबरोबर एकेकट्यानें म्हणून दाखविण्याची रीतही आम्ही घालविली, हें मात्र चुकलें.

८

येथवर केलेल्या विवेचनाचें तात्पर्य असें. छंद व ज्ञात शब्दाचा आधार या दोन बाबतींत आमच्या कोशांची रचना निर्दोष आहे, आणि परभाषा शिकविणाऱ्यानें आजही तिचा उपयोग करावा. एकदिशा क्रम व वाक्याचा अभाव ही त्यांची उणीव आहे. ती संवादांनीं व दुहेरी भाषांतरानें भरून निघते. राहिला कालाचा भाग. आवृत्तींचें अंतर प्रत्यक्षांत किती ठेवीत, हें ग्रंथ सांगत नाहींत. तें विद्यार्थ्यांच्या प्रतीच सांगूं शकतील.

म्हणून पोथीसंग्राहकांस एक विनंति आहे. कोशाची, रूपावलीची किंवा फार्सी शब्दांच्या यादीची शाळकरी नक्कल हातीं आली तर मूळ ग्रंथ छापलेला आहे एवढ्यावर ती टाकूं नये. सूचींत नोंद करतांना केवळ ग्रंथनाम व पत्रसंख्या न देतां चार गोष्टी अधिक लिहाव्या: समासांत तिथि, अंक किंवा खुणा आहेत काय, व असल्यास कोणत्या श्लोकांसमोर, मराठी प्रतिशब्द ओळींच्या वर किंवा समासांत घातले आहेत काय, कोणतीं पत्रें हाताळून अधिक मळलीं आहेत, आणि नक्कल कोठें थांबली आहे. शेवटच्या गोष्टीवरून निदान त्या मुलाचें शिक्षण कोठवर पोंचलें हें कळेल.

अशा दहा-वीस प्रतींच्या नोंदी एकत्र आल्या तर तिथींच्या अंतरांचें एक कोष्टक तयार होईल, आणि आमचे पूर्वज काळाचा चतुर्थांश कसा खर्च करीत तें प्रत्यक्ष पुराव्यानें सांगतां येईल. मजजवळ जी प्रत होती ती मीं घालविली आहे. ज्यांच्या संग्रहीं अशी असेल त्यांनीं ती प्रथम समासापासून वाचावी, एवढें सांगून हा लेख पुरा करतों.